रडण्याची तालीम

अकरा जण रडले आणि जगदेव राहिला. तसं पाहिलं तर यात आभाळ कोसळण्यासारखं काही नव्हतं. शहरातल्या नाट्यविभागाच्या लांबट खोलीत पदव्युत्तर पदविकेच्या पहिल्या वर्षाचे बारा विद्यार्थी सतरंजीवर गोल करून बसले होते, डोळे मिटलेले, हात मांडीवर सैल सोडलेले. सर मधोमध अनवाणी फिरत खालच्या आवाजात सांगत होते की मागं जा, अजून मागं जा, आयुष्यातलं सगळ्यांत मोठं दुःख शोधून काढा, त्याचा वास घ्या, त्याला हात लावून पाहा. याला भावस्मृती म्हणतात आणि नटाची खरी पुंजी तीच, असं सरांनी जूनमध्येच फळ्यावर लिहून दिलं होतं; जगदेवनं ते वहीत उतरवून खाली दोन रेघाही मारल्या होत्या. सगळ्यांत आधी डोळ्यांच्या डॉक्टरांची मुलगी रडली. ती नववीत असताना तिचा पोपट वारला होता. मग बँकेतल्या साहेबांचा मुलगा रडला. त्याची बॅट मोडून वडिलांनी त्याला अभ्यासाला बसवलं होतं. मग डोळे येण्याची साथ पसरावी तसं रडू गोलभर पसरत गेलं. कोणी मुसमुसलं, कोणी हुंदके दिले, एकानं तर सतरंजीवर लोळण घेतली. जगदेवनं एक डोळा किलकिला करून हे पाहिलं आणि त्याचं मन अगदी रमलं. पोपटवालीच्या नाकाचा शेंडा आधी लाल होतो आणि मग ओठ थरथरतात, हे त्यानं टिपून ठेवलं. तेवढ्यात सर त्याच्यासमोर उकिडवे बसले. भिंतीचा रंग वाळला की नाही पाहतात तसं त्यांनी त्याच्या गालावरून बोट फिरवलं, ते स्वतःच्या डोळ्यांपुढं धरलं आणि म्हणाले, "कोरडे. जगदेव, तुम्ही कोरडे आहात." मग जरा थांबून, खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं, "तुम्ही? तुम्ही तर आसेगावचे ना?"

सर मनानं चांगले होते. तासानंतर त्यांनी त्याला आपल्या खोलीत नेऊन चहा पाजला आणि दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवून म्हणाले की अहो, तुमच्याकडे तर खाण आहे. आम्हाला दुःख पुस्तकांतून आणावं लागतं, तुम्ही ते जगून आलात. दुष्काळ पाहिलात. विहिरीवर तुमच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं असेल. आठवा, आठवा जरा. हे सांगताना सरांचेच डोळे भरून आले आणि जगदेवला उगीचच अपराध्यासारखं वाटलं. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. बाहेरून दोन परीक्षक येणार, त्यांच्यासमोर प्रत्येकानं पाच मिनिटं एकही शब्द न बोलता, डोळ्यांना काही न लावता, खरं रडून दाखवायचं, आणि बारांतले आठच जण दुसऱ्या वर्षाला जाणार. बाकीच्यांनी घरी जायचं. घरी जायचं म्हणजे काय ते जगदेव जाणून होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी, आणि वर्षातून एकदा स्नेहसंमेलनात पोरांच्या गालांना लाली लावायची. मास्तरकी वाईट नव्हे, पण त्याला नट व्हायचं होतं. दुसरं काही व्हावंसं त्याला जन्मात कधी वाटलं नव्हतं. "चार दिवस घरी जाऊन या," सर म्हणाले. "सापडेल काहीतरी." म्हणून इतर पोरं घरून लोणच्याची बरणी आणतात तसा तो मार्चच्या उन्हात एसटीनं दुःख आणायला आसेगावला निघाला.

कामरगाव मागं पडलं तेव्हा त्यानं आज्याचं मरण काढलं. आजा गेला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. घर भरून माणसं रडत होती, आणि त्या सगळ्यांतून त्याला लख्ख आठवत होता तो फक्त मेडशीचा मामा, जो दर हुंदक्यानंतर तोंडावरचा शेला बाजूला करून कोण कोण आलंय ते पाहून घेई आणि नवीन माणूस दिसलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. मामाची ती नजर जगदेवनं पुढं शाळेत करून दाखवली होती आणि कंपासपेटीचं बक्षीस मिळवलं होतं. आज्याला परत जागेवर ठेवून त्यानं विहीर काढली. सरांचा अंदाज बरोबर होता, तसं झालं होतं. गोजराबाईच्या वांग्याच्या मळ्यात, सातव्या-आठव्या वर्षी, तो ओंजळ पुढं करून वाकलेला आणि ती हातभर उंचीवरून पाणी ओततेय. त्यानं डोळे मिटून ती धार पुन्हा हातावर घेतली. पाणी गार होतं. कोपरावरून ओघळून चड्डीत गेलं होतं. राग आला होता, चांगला सणसणीत, पण तो तेव्हा नाही, पुढं अकरावीत, मंगरूळच्या सभेत एकानं असाच प्रसंग सांगितला तेव्हा. तो राग अजूनही होता, केव्हाही काढला तरी निघायचा. पण रागानं डोळे भरत नाहीत, कान तापतात. शिवाय तो तासाला नेऊन सतरंजीवर पोपटाच्या शेजारी मांडायचा, हे त्याच्या मनाला पटेना. तो त्याच्या बापजाद्यांचा राग होता, गुण मिळवायला ठेवलेला नव्हता.

राहिला दुष्काळ. दोन-अडीच वर्षांपूर्वीची तर गोष्ट. कॉलेजात जीव नव्हता, सुट्टी मिळाली की सगळे गावाकडं, नाल्याच्या कामावर. बापे खडी फोडायचे, बाया पलीकडच्या अंगाला माती वाहायच्या, दुपारी सुकडी वाटायचे. भूक होती. हाताला फोड होते. पण त्या दिवसांवर बोट ठेवलं की सगळ्यांत आधी ऐकू यायचं ते हसू. पलीकडच्या बायांमधून दिवसभर हसण्याचे लोंढे यायचे. उंचवट्यामुळं तिकडं काय चाललंय ते दिसायचं नाही, कोणी सांगायचंही नाही, पण त्या हसण्यानं इकडच्या बाप्यांनाही हसू फुटायचं, मुकादमसुद्धा तोंड फिरवून हसायचा. दुष्काळ आठवला की आपल्याला हसू येतं, हे परीक्षकांना कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यानं चेहरा आवळून, श्वास कोंडून शेवटचा प्रयत्न केला, तेव्हा शेजारच्या बांगड्यावाल्यानं पिशवीतून ओव्याची पुडी काढून पुढं केली. "घ्या मास्तर, खाऊन घ्या. गाडीत असं होतेच. लाजाचं नाई." जगदेवनं मुकाट्यानं ओवा चावला. मग कारंजा येईपर्यंत तो बाहेर तुऱ्हाट्यांचे ढीग पाहत एकाच गोष्टीला घाबरत राहिला, की खाणबिण काही नाही, आपण आतून नुसते प्रेक्षक आहोत. कुठंही काहीही झालं, घरात मयत झाली तरी, पहिल्या रांगेत मांडी घालून बसणारे. अशा माणसाला नट कोण म्हणेल? आणि खरं सांगायचं तर माणूस तरी कोण म्हणेल? भीती मात्र खरी होती, अगदी पोटातली होती, आणि तिनंही डोळ्यांत पाणी येत नव्हतं.

पंचफुला, त्याची माय, ओट्यावर सुपात तुरीची डाळ पाखडत होती. पोराला पाहून तिला आनंद झाला, पण आनंद झाला की ती आधी रागावायची.

"मंधातच कसा आला? नापास झाला का?"

"अजून नाई. होऊन राह्यलो."

तिनं त्याला पाणी दिलं, भाकर वाढली, आणि तो खाताना त्याचा चेहरा निरखत बसली. जगदेवनं अर्धी भाकर संपवली आणि विचारलं, "माय, आपल्या घरी मोठं दुःख कोन्तं झालं?"

"कायचं दुःख?"

"कोन्तंबी. पन मोठं पाह्यजे."

"कायले?"

"परीक्षेत लागते."

पंचफुलेनं सूप खाली ठेवलं. पोराला परीक्षेत लागणारी वस्तू घरात नाही, ही गोष्ट तिला झोंबली. भूमितीची वही, एनसीसीचे बूट, कॉलेजच्या फोटोसाठी कोट, सगळं तिनं आजवर कुठून ना कुठून उभं केलं होतं. ती मन लावून आठवू लागली. "बकरी मेली होती. इचू चावला होता तिले." जगदेवनं बकरी आठवून पाहिली आणि मान हलवली. "मंग टिनं उडाले होते घरावरचे." टिनं उडाली होती खरी, पण त्याला आठवला तो बाप, वाऱ्यात धोतर सावरत टिनांच्या मागं धावणारा, आणि टिन थांबलं की त्याच्यावर बसून घेणारा. "तुहा मामा," पंचफुला म्हणाली, "रुसून तीन सालं आला नाई," आणि ती मामाचं रुसणं सांगणार एवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "पंचफुले! आलं पाय तुह्या मोरीचं पानी माह्या अंगनात!"

"थांब जरा," असं जगदेवला सांगून पंचफुलेनं भिंतीकडं तोंड केलं. "येईनच ना वं! पानी हाये ते, मुक्कामाले थोडंच राहीन? तुह्या अंगनात कोन्ते गहू पेरले हायेत?"

पलीकडे चंपाबाई होती. दोघी एकाच वर्षी आसेगावात नांदायला आल्या, एकाच भिंतीला दोन्हीकडून चुली लावल्या, आणि गेली दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडत मात्र नेमानं असत. सकाळी एकदा, दुपारी एकदा, आणि पाहुणा आला असेल तर त्याच्या मानासाठी आणखी एकदा. मोरीचा उतार चंपाबाईच्या अंगणाकडे होता आणि तो काही कोणाच्या शिव्यांनी बदलणार नव्हता, हे दोघींनाही ठाऊक होतं. नियम एवढाच की वार आला की त्याच श्वासाला उत्तर गेलं पाहिजे. पंचफुलेचं माहेर, मेडशी, काढलं तर उत्तर श्वासाच्याही आधी जायचं. दहा-बारा वाक्यं इकडून तिकडं गेली, भिंत तापली, आणि पंचफुला पुन्हा पोराकडे वळली. तिचा चेहरा आता चांगला ताजातवाना दिसत होता. "हं, तं तुहा मामा," ती म्हणाली.

संध्याकाळी बाप आला. देवमन ग्रामपंचायतीत शिपाई होता, पण त्याहून आधी तो जलशातला नट होता. छप्पन सालच्या दीक्षेच्या आगेमागे गावोगाव जलसे होत, गाण्यांतून आणि सोंगांतून जुन्या चाली सोडा, पोरं शाळेत घाला असं सांगत, आणि त्यांत देवमन कजाग सासूचं काम करी. त्या कामासाठी त्यानं चार वर्षं मिशी ठेवली नव्हती. पोराची अडचण ऐकून तो अनुभवी माणसासारखा हसला. "यात काय हाये? पदरात कांदा ठेवाचा. मी ठेवत जाओ."

"कांदा चालत नाई, बाबा. खरं रडा लागते."

"खरं?" देवमनला हे फारच मागासलेलं वाटलं. "अन् खऱ्या रडन्यात पुढचं वाक्य इसरलं, तं त्याले कोन जबाबदार?" मग त्यानं तिथंच, हातातली पंचायतीची वही पदरासारखी डोक्यावर घेऊन, सासूचं रडणं करून दाखवलं. जगदेव पोट धरून हसला. चुलीपुढं पंचफुला हसत नव्हती. तिचे ओठ हलत होते. जगदेवला एकदम आठवलं की लहानपणी तिच्या मांडीवर बसून जलसा पाहताना त्याच्या टाळूवर तिच्या ओठांचा वारा लागायचा. सासूचं, सुनेचं, हवालदाराचं, प्रत्येकाचं बोलणं ती त्याच्या केसांत पुटपुटायची. तिला सगळं पाठ होतं, कोणी कधी विचारलं नव्हतं. सासू करायला देवमन होता, त्याच्या अंगावर पंचफुलेचंच लुगडं असे, आणि घरी आल्यावर ते तीच धूत असे. या गोष्टीचं दुःख होऊ शकेल का, असा विचार जगदेवच्या मनात येऊन गेला, पण तेवढ्यात भाकर आली.

दुसऱ्या दिवशी देवमन पंचायतीचे कागद घेऊन मंगरूळला गेला. पंचफुलेनं अंगण झाडलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "आयक. मी मेली."

"आं?"

"मेली असं समज. मायच्या मयतीवर कोनाले रडू येत नाई? दगडालेबी येते. तू पाय माह्याकडं अन् सुरू कर. एक डाव आलं की मंग तुह्या ध्यानात राहीन, तिथी जाऊन तेच काढजो."

जगदेवनं हो-नाही केलं. असं अभद्र कशाला, म्हणाला. "अभद्र कायचं? अंधश्रद्धा हाये ते," पंचफुला म्हणाली आणि तयारीला लागली. तिनं चूल विझवली, कारण मयतीच्या घरात चूल पेटती नसते. काठाचं लुगडं नेसली. मेल्यावर सगळे पाहायला येतात, फाटकं नेसून कसं चालेल? वेणी घातली. खाली पांढरं धोतर अंथरलं, त्यावर आडवी झाली, दुसरं गळ्यापर्यंत ओढलं, आणि पडल्या पडल्या हुकूम दिला, "उशाशी बस. असा नोको, जेवाले बसल्यासारखा. गुडघा वर घे. हात कपायाले लाव. हं." नाट्यविभागात वर्षभरात इतक्या सरळ भाषेत जगदेवला कोणी काही सांगितलं नव्हतं. मग तिनं डोळे मिटले आणि ती मेली. फार चांगली मेली. छाती हलत नव्हती, बोटं जराशी वळलेली, जबडा एका बाजूला इतका किंचित ढळलेला की जगदेवच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि त्याच क्षणी त्याच्या मनानं वही उघडली : जबडा, डावीकडं, किंचित. तो पुन्हा पहिल्या रांगेत जाऊन बसला होता. त्यानं स्वतःला बजावलं की ही आपली माय आहे, ही गेली, आता भाकर कोण वाढणार. काही होईना. उलट पोटातून कसलीशी उकळी वर येऊ लागली आणि ती हसण्याची आहे हे त्याला भयानं कळलं. मेलेल्या बाईनं एक डोळा उघडला.

"आलं का?"

"नाई."

"नाक खाजवून राह्यलं माहं. खाजव."

त्यानं तिचं नाक खाजवलं. ती पुन्हा मेली. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा ती वैतागली, म्हणाली, "काय रे, माह्यात काही कमी होऊन राह्यलं का?" आणि तिच्या आवाजात खरीच काळजी होती, नवख्या नटाला असते तशी. जगदेव नाही नाही म्हणत होता, तेवढ्यात भिंतीपलीकडून दिवसाचा पहिला वार आला.

"पंचफुले! आजबी सोडलं का पानी?"

पंचफुलेच्या ओठांना झटका बसला. उत्तर जिभेवर आलं होतं, जगदेवला ते गळ्याशी हलताना दिसलं. पण तिनं ते गिळलं. तालीम मोडायची नाही, हे ती कोणाकडून शिकली होती कोण जाणे. पलीकडे चंपाबाई वाट पाहत थांबली. उत्तर नाही म्हटल्यावर तिनं आणखी वजनदार टाकलं. "बह्यरी झाली का वं? का पोरगा आला म्हनून साहेबीन झाली?" पंचफुलेच्या मानेची शीर टरारून फुगली. तरी ती मेलेलीच राहिली. मग चंपाबाईनं ठेवणीतलं काढलं, जे गेल्या दोन वर्षांत फक्त दोनदा निघालं होतं आणि दोन्ही वेळा मधे माणसं पडावी लागली होती. "मेडशीच्या लोकायले पान्याचं वळनच नाई! तुह्या मायनंच शिकोलं नाई तुले!"

कुठंतरी कोंबडी कुरकुरली. पलीकडून, अगदी निराळ्या आवाजात, विचारल्यासारखं आलं, "पंचफुले?" मग भांडं पडल्याचा आवाज, धावती पावलं, आणि दार उघडून चंपाबाई उंबऱ्यात उभी राहिली. मेडशीचं नाव काढूनही पंचफुला गप्प आहे, याचा दुनियेत एकच अर्थ होता, आणि तो तिच्यासमोर पांढऱ्या धोतरावर पडलेला होता. विझलेली चूल तिनं पाहिली, काठाचं लुगडं पाहिलं, उशाशी कपाळाला हात लावून बसलेला जगदेव पाहिला. जगदेवनं तोंड उघडलं. मावशी, हे खोटं आहे, परीक्षेसाठी आहे, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण धोतराखालून एक हात आला आणि त्यानं त्याच्या पोटरीला असा काही चिमटा काढला की शब्द आतच राहिला.

चंपाबाई मटकन खाली बसली. समाजाच्या बैठकीत ठरलं होतं की मयतीत छाती बडवून, हेल काढून रडायचं नाही, शांतपणे वंदना घ्यायची, आणि त्या ठरावाला चंपाबाईनं दोन्ही हात वर केले होते. आता तिनं पदर तोंडावर ओढला आणि घर हादरेल असा हेल काढला.

"अवं माह्ये पंचफुले वं! मले न सांगता कशी गेली वं! एक शब्द तं बोलाचा होता वं! माह्या जळल्या तोंडाले मेडशी कायले आली वं! आता सकायी उठून भांडू कोनासंग वं! साऱ्या आसेगावात तुह्यासारखी भांडनारी नाई वं, बाकीच्या दोन बोलात रडतेत वं! येऊ दे वं तुह्या मोरीचं पानी, माह्या चुलीत येऊ दे वं!"

जगदेव ऐकत होता. प्रत्येक "वं" वर श्वास कसा सुटतो आणि पुढच्या ओळीसाठी कसा भरला जातो, हे त्याच्या ध्यानात येत होतं, आणि स्वतःचा तिटकाराही येत होता. त्यानं मायकडे पाहिलं. ती हलली नव्हती. चंपाबाई आता पुढं-मागं डोलत होती.

"दुष्कायात नाल्यावर तुह्या पायी दिस निंगाले वं! डोक्यावर मातीचं टोपलं अन् साऱ्या जलशाचे सोंगं एकटी करे वं! सासू तू, सून तू, हवालदारबी तू वं! पोटात दाना नाई, अन् आमी हासून हासून मातीत बसो वं! नवव्या महिन्यातल्या गंगूले तं हासता हासता कया सुटल्या वं! बाप्ये इचारत काय झालं, तं पदर ओढून गुपचूप माती भरे वं! म्हने, माह्या जग्याच्या कानावर नोका घालू वं, कॉलेजात जाते तो, मायची लाज वाटन त्याले वं!"

जगदेवच्या आत चाललेली टिपणं थांबली. ते हसू. उंचवट्यापलीकडून दिवसभर येणारे ते लोंढे, ज्यांच्यामुळं त्याला दुष्काळ आठवला की हसू यायचं, ज्यांच्यामुळं तो आज कोरडा म्हणून परत आला होता, ते कोणीतरी डोक्यावर टोपलं घेऊन, अनवाणी, उन्हात, पोटात काही नसताना काढत होतं. तो खडी फोडत पन्नास पावलांवर बसला होता. एकदा उठून त्या उंचवट्यावर चढला असता तर त्यानं ते पाहिलं असतं. आणि पाहून त्याला लाज वाटली असती का? त्यानं स्वतःला खरं विचारलं आणि खरं उत्तर आलं, की हो, त्या वर्षी वाटली असती. तिनं त्याला बरोबर ओळखलं होतं. ओळखून, त्याच्यावर न रुसता, तिनं पदर ओढून माती भरली होती.

पंचफुलेच्या मिटल्या डोळ्यातून एक थेंब निघाला आणि कानाकडे गेला. चंपाबाईच्या तोंडावर पदर होता, तिनं तो पाहिला नाही. मायचा चेहरा मेलेल्या बाईचा राहिला नव्हता. तो टाळ्या ऐकणाऱ्या बाईचा होता. चोवीस वर्षांच्या संसारात तिच्या कामाबद्दल कोणी काही म्हणाल्याचं ती पहिल्यांदा ऐकत होती, आणि त्यासाठी तिला मरून पडावं लागलं होतं. जगदेवला एवढं कळलं आणि पुढचं काही कळलं नाही. त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की चंपाबाईही क्षणभर दचकली. तो रडत होता. नीट नाही, शिकवल्यासारखं नाही, मुसमुसून नाही. तोंड वासून, लाळ गाळत, हंबरडा फोडून. श्वास कुठं घ्यायचा ते त्याला सुचत नव्हतं, हात कुठं ठेवायचे ते सुचत नव्हतं. "माय वं," तो ओरडत होता, "माय वं, माय," आणि एकदा सुरू झालेलं ते त्याला काही केल्या थांबवता येईना. चंपाबाईनं त्याच्या गळ्यात हात टाकला, मग दोघं मिळून रडू लागली, आणि त्याच्या आवाजात तिचा हेल पार बुडून गेला.

पोटरीला पुन्हा एक चिमटा बसला, आधीच्यापेक्षा जोरात. जगदेवनं हुंदका देत खाली पाहिलं. मेलेल्या बाईनं डोळे उघडले नव्हते, फक्त ओठांचा एक कोपरा हलला.

"हळू रड ना लेका," पंचफुला दातांतून म्हणाली. "ती काय म्हनते, ते आयकू येऊन नाई राह्यलं."